पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल होईल का? आधी माळ्यावरची फाईल काढा

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी ही आपल्याकडची पद्धत, आणि त्यात एक गोष्ट हमखास होते, पहिल्या वेळची हॉस्पिटलची फाईल माहेरीच राहते. माझी देवगडला आईकडे माळ्यावर होती, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, वर गणपतीच्या मखराचं सामान आणि बाजूला कुळथाचा रिकामा डबा. तीन पावसाळे काढले होते तिने तिथे. खाली काढली तर कागद ओलीने एकमेकांना चिकटलेले, सोनोग्राफीचे फोटो तर उडून पांढरेफटक झालेले, पण मधलं एक पान आईने हळूच सुटं केलं आणि ते वाचता येत होतं. दुसऱ्या खेपेला माझं काय होऊ शकतं आणि काय नाही यातलं अर्ध्याहून जास्त त्या एका पानावर लिहिलेलं होतं, आणि मी मात्र तोपर्यंत जो भेटेल त्याला विचारत सुटलेली, "सिझरनंतर नॉर्मल होतं का हो?"

उत्तरं काय, ढीगभर. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताक खय होता ह्या सगळा? पाचय पोरां घरातच झाली." शेजारच्या काकी म्हणाल्या, "एकदा पोट फाडल्यार परत फाडूचाच लागता." मुंबईच्या नणंदेने व्हिडिओ पाठवला ज्यात एक बाई पाण्याच्या टबात बसून हसत हसत बाळंत होते. तिघींचंही मनापासून होतं, पण उपयोग एकाचाही नाही.

काकींचं वाक्य घ्या आधी कारण ते डॉक्टरांच्या तोंडून पण ऐकायला मिळतं. ते शंभर वर्षांहून जुनं आहे. 1916 साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की एकदा सिझर म्हणजे कायम सिझर. गंमत अशी की ते पहिलं सिझर उगाच करू नका, त्याने पुढची सगळी बाळंतपणं अडकतात, अशी ताकीद देत होते आणि अपवाद बरेच असतात हे त्यांनी तिथेच लिहिलंय. शिवाय तेव्हाचं सिझर आणि आत्ताचं सिझर यात फरक आहे, आणि तो फरक कळला की बाकीचं सोपं होतं म्हणून जरा सावकाश सांगते.

गर्भपिशवी म्हणजे उलटा धरलेला तांब्या समजा, पोट वर आणि गळा खाली. वरचा फुगीर भाग जाड स्नायूचा, कळ येते तेव्हा आवळतो तो हा भाग, बाळाला खाली ढकलणारं इंजिन म्हणा. गळ्याच्या लगेच वरचा, म्हणजे पिशवीचा खालचा भाग पातळ असतो, तो फारसा आवळत नाही, तो आपला ताणला जातो आणि वाट देतो. क्रेगिनच्या काळात छेद घ्यायचे तो उभा, वरच्या जाड भागात. म्हणजे पुढच्या वेळी प्रत्येक कळ त्या जुन्या शिवणीलाच ओढणार. पुढे 1920 च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो केर यांनी खालच्या भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुळवली आणि आज जवळपास सगळीकडे तीच चालते. डिस्चार्ज कार्डावर एलएससीएस लिहितात ना, त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच पिशवीचा खालचा भाग. हा छेद कळांच्या ओढीपासून बराच सुटतो. आकड्यात सांगायचं तर एकच असा आडवा छेद असेल आणि बाईने कळा घेऊन प्रयत्न केला तर साधारण 200 जणींत एकीची शिवण उसवते, आणि वरचा उभा छेद असेल तर अंदाज 100 मध्ये 4 ते 9 पर्यंत जातो. म्हणून उभा छेद असेल तर नॉर्मलचा विषयच काढायचा नाही, कळा सुरू व्हायच्या आधीच ठरवून सिझर.

आता गोम अशी आहे की बाहेरच्या चामडीवरचा व्रण बघून आतला छेद कळत नाही. बिकिनी कट आहे, आडवा आहे म्हणजे आत पण आडवाच असं आपण धरून चालतो, बहुतेक वेळा तसं असतंही, पण बाळ सातव्या महिन्यातच काढावं लागलं असेल, आडवं पडलेलं असेल, वार म्हणजे प्लासेंटा खाली असेल तर कधीकधी आत उभा छेद घ्यावा लागतो, किंवा आडवा घेतलेला बाळ निघेना म्हणून वर वाढवावा लागतो. हे कुठे लिहिलेलं असतं? ऑपरेशन नोटमध्ये. डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा फक्त ती चार अक्षरं आणि तारीख. त्यामुळे कार्ड आहे माझ्याकडे म्हणून खूश होऊ नका, ऑपरेशन नोट शोधा, नसेल तर त्या हॉस्पिटलला अर्ज करून मागा, आणि पहिलं बाळंतपण मुंबईत झालेलं असेल तर तिथल्या कोणालातरी कामाला लावा, आणि हे पाचव्या महिन्यात करा, नवव्यात नाही.

फाईलमधली दुसरी गोष्ट म्हणजे कारण. पहिलं सिझर इमर्जन्सी होतं असं सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, जणू आपल्या शरीरात काहीतरी मोडलेलंच आहे. इमर्जन्सीचा अर्थ एवढाच की आधी ठरलेलं नव्हतं. का करावं लागलं हा प्रश्न, आणि त्याचं घरात सांगितलं जाणारं उत्तर आणि कागदावरचं उत्तर हे एकच असेल असं नाही. मला तीन वर्षं सगळे सांगत होते की माझी हाडं लहान आहेत. हाडं लहान म्हणून बाळ अडकलं, आता दुसरं पण अडकणार, संपला विषय. त्या ओल्या पानावर मात्र लिहिलं होतं की पिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलं, त्यानंतर पुढे सरकलं नाही आणि बाळाचं तोंड पोटाच्या बाजूला होतं, म्हणजे आकाशाकडे बघत येत होतं ते. असं बाळ हनुवटी नीट दुमडत नाही, डोक्याचा जास्त रुंद भाग पुढे येतो आणि तिथेच अडतं. डॉक्टरीण बाई ते वाचून म्हणाल्या, "हाडांचं कुठे लिहिलंय यात? बाळ उलटं वळलेलं होतं. दरवेळी थोडंच वळतं?" तीन वर्षं उगाच हाडांना दोष दिला.

तसंच नाळेचं. गळ्यात नाळ होती म्हणून सिझर, हे तर प्रत्येक वाडीत ऐकाल. पाचात एका बाळाच्या गळ्यात नाळ असतेच आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही, खरं कारण बाळाचे ठोके पडले हे असतं, नाळ नंतर दिसते आणि गोष्टीत तीच राहते. हे महत्त्वाचं का, तर कारणानुसार यशाचा अंदाज बदलतो. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची 2015 ची मार्गदर्शिका आहे, त्यात एकूण सरासरी 100 पैकी 72 ते 75 जणींचं नॉर्मल होतं असं दिलंय. पहिलं सिझर बाळ पायाळू किंवा आडवं होतं म्हणून असेल तर 84, ठोके पडले म्हणून असेल तर 73, आणि कळा येऊन पण पुढे सरकलं नाही म्हणून असेल, म्हणजे माझ्यासारखं, तर 64. आणि आधी कधीतरी एकदा नॉर्मल झालेलं असेल, सिझरच्या आधी किंवा नंतर, तर 85 ते 90, त्यासारखं दुसरं काहीच नाही. उलट बाजूला आईचं वजन फार जास्त, आधी एकदाही नॉर्मल नाही, मागचं कारण पुढे न सरकणं आणि यावेळी कळा औषधाने आणाव्या लागल्या, हे सगळं एकत्र आलं तर 40 वर येतं. 64 म्हणजे मला तेव्हा खूप वाटलं होतं, आता वाटतं की तीनात एकीचं होत नाही हे पण तेवढंच खरं होतं.

फाईलमधली तिसरी गोष्ट तारीख. सिझरनंतर दीड-दोन वर्षांच्या आत पुढचं बाळंतपण आलं तर शिवण उसवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायच्या आधीच दोन वर्षं जाऊ द्या, सिझर असो नसो. आमच्याकडे "एकदम दोन उरकून टाक" असा सल्ला देणारी माणसं आहेत, त्यांना हे सांगून बघा, ऐकतील असं नाही.

आता त्या उसवण्याबद्दल, कारण भीती सगळी तिथे आहे. आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे पिशवी फुटली म्हणतात ते पाणमोट फुटल्याला, म्हणजे पाणी गेलं, ते तर प्रत्येक बाळंतपणात होतं. गर्भपिशवी फाटणं हे वेगळं. त्यात जुन्या छेदाच्या जागी पिशवीची भिंत उघडते, आईला आतल्या आत रक्तस्राव होतो आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटायला लागतो. कधीकधी पिशवी काढून टाकावी लागते. पहिली खूण बहुतेक वेळा आईला कळतच नाही, ती मशीनवर दिसते, बाळाचे ठोके बिघडतात. म्हणून अशा बाईला कळा सुरू झाल्या की पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचं मशीन सतत चालू ठेवायचं असतं, तासातून एकदा कान लावून भागत नाही. बाकी खुणा म्हणजे कळ ओसरल्यावरही जुन्या टाक्याच्या जागी दुखत राहणं, अंगावरून लाल रक्त जाणं, चांगल्या येणाऱ्या कळा एकदम बंद पडणं, खाली आलेलं डोकं परत वर जाणं, खांद्यात चमक, नाडी जलद होऊन चक्कर. यातलं काहीही घरी असताना झालं तर 108. चहा घेऊन निघू वगैरे नाही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पण बघायला हवं, कारण परत सिझर म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असा एक समज आहे. ठरवून केलेलं सिझर साधारण 39 आठवड्यांना करतात, शिवण उसवायची भीती जवळजवळ राहत नाही, वेळ माहीत असते, भूल देणारे डॉक्टर हजर असतात, हे फायदे खरे आहेत, ज्यांना मागच्या बाळंतपणाच्या रात्रीची आठवण अजून झोपू देत नाही त्यांच्यासाठी तर फारच. पण पोटाचं मोठं ऑपरेशन ते ऑपरेशनच, रक्त जास्त जातं, उठायला वेळ लागतो, घरात तीन वर्षांचं पोर "आई उचल" करत असतं आणि तुम्ही कूस बदलायला नवऱ्याला हाक मारता. बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होऊन काचेत ठेवावं लागण्याचं प्रमाण पण सिझरमध्ये थोडं जास्त, म्हणून तर 39 च्या आधी उगाच करू नये. पंचांग बघून 37 व्या आठवड्यातला मुहूर्त काढणाऱ्यांनी हे वाचावं, राशी चांगली मिळेल पण बाळाची फुप्फुसं ग्रह बघून पिकत नाहीत.

आणि पुढचा विचार. प्रत्येक सिझरबरोबर एक शिवण वाढते, आणि पुढच्या खेपेला वार नेमकी खाली, त्या शिवणीवर येऊन रुजली तर ती पिशवीच्या भिंतीत घुसून बसते, बाळ निघतं पण वार सुटत नाही, आणि रक्त थांबवता थांबवता पिशवी काढायची वेळ येते. अमेरिकेत 30 हजारांवर सिझरचा अभ्यास होऊन 2006 मध्ये छापून आला, त्यात वार खाली असलेल्या बायकांमध्ये दुसऱ्या सिझरच्या वेळी अशी घुसलेली वार 100 त 11 जणींना आढळली आणि तिसऱ्या सिझरच्या वेळी 40 जणींना. वार खाली येणं हेच मुळात कमी जणींना होतं हे लक्षात ठेवा, पण ज्यांना तीन-चार मुलं हवी आहेत त्यांनी हा आकडा डॉक्टरांशी बोलावा. दोनच पुरे असणाऱ्यांसाठी त्याचं वजन कमी. तसंच सिझरनंतरच्या पहिल्याच सोनोग्राफीपासून वार कुठे आहे हे विचारत राहायचं, सुरुवातीला खाली दिसलेली वार बऱ्याचदा पुढे वर सरकते, पण शेवटच्या महिन्यांतही तोंडावरच राहिली तर नॉर्मलचा प्रश्न तिथेच संपला.

खरं सांगायचं तर तुलना दोन नाही तीन गोष्टींची असते. नॉर्मल झालं तर आईला सगळ्यात कमी त्रास. ठरवून सिझर मधलं. आणि प्रयत्न करून मधेच सिझर करावं लागलं तर तो सगळ्यात त्रासाचा प्रकार, जंतुसंसर्ग, रक्तस्राव यांचं प्रमाण तिथे जास्त. म्हणून यशाची शक्यता कमी दिसत असेल तर हट्टाने प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही, आणि चांगली दिसत असेल तर भीतीने सोडण्यातही नाही. बाळाचं म्हणाल तर त्याच ब्रिटिश मार्गदर्शिकेप्रमाणे अशा प्रयत्नात बाळंतपणामुळे बाळ दगावण्याचा धोका 10 हजारांत 4 च्या आसपास आहे, पहिलटकरणीला कळा येतात तेव्हा असतो साधारण तेवढाच. ठरवून सिझरमध्ये त्याहून कमी.

पण थांबा. हे सगळे आकडे जिथे ऑपरेशन थिएटर पलीकडच्या खोलीत आहे आणि भूल देणारे डॉक्टर रात्री पण त्याच बिल्डिंगमध्ये आहेत तिथले आहेत. आपल्याकडे काय आहे? तालुक्याच्या गावात एक-दोन प्रसूतिगृहं, डॉक्टर चांगले, हात चांगला, पण भूलतज्ज्ञ फोन केल्यावर दुसऱ्या गावाहून गाडी काढून येणार, लहान मुलांचे डॉक्टर तिसऱ्या गावात, रक्त आणायला कोणीतरी बाईकवर जाणार. जरा गुंतागुंतीचं झालं की सावंतवाडी-बांद्याकडचे लोक गोव्याला बांबोळीला पळतात, वैभववाडी-कणकवलीकडचे घाट चढून कोल्हापूरला, रत्नागिरीवाले आंबा घाटाने. जुलैत त्या घाटात दरड आली की झालं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असताना रुग्णवाहिका कशी पुढे काढायची हे ज्याने बघितलंय त्याला विचारा. पिशवी फाटली तर बाळाकडे मिनिटं असतात, तास नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय की कोकणात राहणाऱ्या बाईने "माझं नॉर्मल होईल का" याच्या बरोबरीने डॉक्टरांना हे विचारावं की अचानक ठोके पडले तर निर्णय घेतल्यापासून किती मिनिटांत बाळ बाहेर येईल, रात्री दोन वाजता पण तेवढ्याच वेळात का, भूलतज्ज्ञ कुठे असतात, माझ्या गटाचं रक्त आधीच आणून ठेवणार का, ठोक्यांचं मशीन पूर्ण वेळ मला मिळेल का की एकच आहे आणि फिरवून वापरतात. विचारायला लाज वाटते, मला पण वाटली होती, पण ज्या डॉक्टरांना याचा राग येतो त्यांच्याकडे हा प्रयत्न करूच नये.

इथेच खाजगी डॉक्टरांची बाजू पण सांगते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात खाजगी दवाखान्यांतल्या 100 बाळंतपणांपैकी 47 सिझर निघाली आणि सरकारीत 14, हे वाचून सगळे पैसे काढायला कापतात असं म्हणायला सोपं जातं. काही कापत असतीलही. पण आदल्या सिझरवाल्या बाईला "मी नॉर्मल करणार नाही" म्हणणारा एकटा डॉक्टर मला लबाड वाटत नाही. त्याच्याकडे रात्रभर बाईजवळ बसायला दुसरा डॉक्टर नाही, भूलतज्ज्ञ चाळीस मिनिटांवर आहे, आणि त्याने तोंडदेखलं हो म्हणून शेवटी कापण्यापेक्षा सरळ नाही म्हणणं चांगलं. नाही म्हणाले तर कुठे जाऊ तेवढं विचारायचं. माझं तसंच झालं, आधीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं आणि चिठ्ठी दिली.

सरकारी वाट पण बघून ठेवा. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, 2016 पासून चालू आहे, तिथे आधीचं सिझर सांगितलं की कार्डावर लाल स्टिकर लावतात. माझ्या जाऊबाईने तो लाल ठिपका बघून रडायला सुरुवात केली होती. त्याचा अर्थ एवढाच की हिचं बाळंतपण उपकेंद्रात किंवा ऑपरेशनची सोय नाही तिथे करायचं नाही, आशाताईने लक्ष ठेवायचं. आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, न्या-आणायची गाडी हे सगळं मोफत आहे, तेव्हा पैशासाठी घरी वाट बघत बसायची गरज नाही.

दिवस भरले आणि कळाच नाहीत, तेव्हाचं बोलणं आधीच करून ठेवायचं. आपोआप आलेल्या कळा सगळ्यात चांगल्या. कळा आणायला पिशवीच्या तोंडाशी जेल ठेवतात त्याने आडवा छेद असलेल्या बाईतही उसवण्याचा धोका दोन-तीन पटीने वाढतो, आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तर जुनं सिझर असताना भरल्या दिवसात वापरायच्याच नाहीत. सलाईनमधून कळांचं औषध देतात ते जपून, थोडं थोडं, मशीन चालू ठेवून. रबरी नळीचा फुगा घालून तोंड उघडायची पद्धत त्यातल्या त्यात सौम्य. काही डॉक्टर म्हणतात 40-41 आठवड्यांपर्यंत वाट बघू, नाही आल्या तर सरळ सिझर, हा पण मान्य करण्यासारखा सौदा आहे. आणि घरातले उद्योग बंद. एरंडेल पाजणं, कसले कसले काढे, पोट चोळणं. माझ्या आजेसासूने वाटीत एरंडेल काढूनच ठेवलं होतं, मी ते तुळशीत ओतलं. तुळस जगली.

माझं सांगते थोडक्यात. 37 आठवडे झाले तशी मी आचऱ्याहून उठून हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर मावशीकडे राहायला गेले, लोक म्हणाले सासरचं बाळंतपण मावशीकडे कसलं. 39 आठवडे आणि चार दिवसांनी पहाटे कळा आपोआप सुरू झाल्या. हाताला सुई, रक्त आणून ठेवलेलं, पोटाला दोन पट्टे. त्या पट्ट्यांमुळे फिरता येत नाही म्हणून पलंगाच्या कडेला बसून काढलं, सिस्टर मधून मधून येऊन कागदाची पट्टी हातात धरून बघायची, काही बोलायची नाही, मी तिचा चेहरा वाचायची. नऊ तासांनी आठ सेंटीमीटर. मग तिने पट्टी बघितली आणि यावेळी चेहरा वाचायची गरज पडली नाही, ती वळून चालायलाच लागली. ठोके कळ संपल्यावरही वर येत नव्हते. बाईंनी येऊन दोन मिनिटं बघितलं, मला म्हणाल्या, "आता थांबायचं नाही," आणि मला थिएटरमध्ये घेतलं, भूल देणाऱ्या मॅडम आधीच हात धुवत होत्या. बाळ रडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात निर्णयाला 19 मिनिटं झाली होती. शिवण उसवली नव्हती, बाळ ठीक, मी ठीक.

म्हणजे नॉर्मल झालं नाही. दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. धाकट्या बहिणीने पुढच्या वर्षी त्याच हॉस्पिटलमध्ये प्रयत्न केला, तिचं पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून झालं होतं, तिचं पाच तासांत नॉर्मल झालं आणि तिसऱ्या दिवशी ती उभी राहून भाकऱ्या करत होती, तिला आम्हीच ओरडून बसवलं. एकच आई, एकच हॉस्पिटल, फाईली वेगळ्या. पण माझी पहिली रात्र आणि ही दुपार यांची मी बरोबरीच करू शकत नाही. पहिल्या वेळी भूल देणारे डॉक्टर यायची वाट बघत आम्ही पाऊण तास नुसते एकमेकांकडे बघत होतो, बाहेर पाऊस, लाईट गेलेली, जनरेटरचा आवाज. सिझर तेव्हाही आणि आताही, दोन्ही इमर्जन्सीच, यावेळी फक्त कोणी धावत नव्हतं.

दोन सिझर झाल्यावर तिसऱ्या वेळी नॉर्मल करणारे डॉक्टर आहेत, पण फार थोडे, मोठ्या ठिकाणी, आणि आम्हाला दोन पुरे. तरी डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरकडे ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागितली. "कार्डावर सगळं आहे की," ती म्हणाली. कार्डावर तीच चार अक्षरं आणि तारीख. मी म्हटलं, आत छेद कसा होता, वाढवावा लागला का, शिवण पातळ होती का, ते कुठाय यात? तिने माझ्याकडे बघितलं, कपाटातून फाईल काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा आणि लगेच परत आणा म्हणाली. तो दोन कॉप्या काढून आला, एक माहेरला ठेवायला.